गणवेष उतरविल्यानंतर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सेवानिवृत्त सैनिकांच्या सत्कारप्रसंगी झालेले व्याख्यान)



सत्काराच्या प्रसंगी सत्कारमूर्तींची स्तुती करावी, वीरश्रीचे दोन प्रसंग सांगावे, शाल व श्रीफळ द्यावे आणि सर्वांनी समाधानाने घरी जावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो चांगलाच आहे व तो मोडावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शौर्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांनी ते गाजविले त्यांचा आहे. मंडळाच्या चालकांनी आम्हांस जो विषय दिला तो शौर्याची नोकरी संपल्यानंतरच्या दिवसांचा. त्या दिवसांविषयी पोवाडे होत नाहीत, वर्तमानपत्रांत चित्रे छापून येत नाहीत. आणि तरीही प्रत्येक सैनिकाच्या घरी ते दिवस येतातच.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सैनिक सेवेतून मुक्त होतो तो एका दिवसात, पण घरात यावयास त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात. पहिले काम सरकार हुकुमाने करते. दुसरे काम घरच्या माणसांना व समाजाला करावे लागते, आणि त्याची सिद्धता पुष्कळ घरांत नसते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीच्या फलाटावर थांबते. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले त्या गाडीने दिल्ली, अंबाला, जालंधरच्या वाटेने गेली आणि त्याच गाडीने रजेवर येत राहिली. शेवटच्या खेपेस ती उतरतात तेव्हा हातात तीच काळी पत्र्याची ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात तेच नाव व तोच क्रमांक असतो. फरक एवढाच की आता परतीचे तिकीट नसते. घरच्यांना वाटते, रजा थोडी लांबली आहे. खुद्द त्यालाही पहिले दोन महिने तसेच वाटते.

या प्रसंगाचे गांभीर्य कळण्यासाठी वयाचा हिशेब पाहावा. कचेरीतील कारकून किंवा शाळेतील गुरुजी अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त होतात. तोवर मुले मार्गाला लागलेली असतात, लेकी सासरी गेलेल्या असतात. सैनिक मात्र अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. शिपाई राहिल्यास सुमारे सतरा ते एकोणीस वर्षांनी, आणि हवालदार झाल्यास चोवीस ते सव्वीस वर्षांनी तो घरी येतो. म्हणजे त्याचे वय पस्तीस ते पंचेचाळीस असते. मुलगा दहावीत, मुलगी सातवीत, आईबाप थकलेले, घराची एक बाजू मातीची. आपल्या शास्त्रकारांनी चार आश्रम सांगितले. सैनिकाच्या हातात गृहस्थाश्रमाच्या ऐन मध्यावर वानप्रस्थाचा कागद पडतो. या वयात सैन्य तरुण ठेवावे लागते म्हणून देश त्याला मोकळा करतो, हे योग्यच आहे. पण जे देशाला सोयीचे आहे त्याची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागते, हे आपण विसरता कामा नये.

पूर्वी ही अडचण या रूपात नव्हती. मराठेशाहीत दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघावे आणि मृगाच्या आत घरी परतावे, अशी रीत होती. शिपाई हाच शेतकरी होता. भाला खुंटीला टांगला की हातात नांगराचा रुमणा येई. दरवर्षीच तो जाई आणि दरवर्षीच परत येई, त्यामुळे घराला त्याची व त्याला घराची सवय मोडत नसे. रणांगणी पडलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशीची तजवीज होती. म्हणजे शिपायाच्या मागे त्याच्या घराचे पाहावे ही जाणीव आपल्या मातीत जुनीच आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून येणाऱ्याला आजही आपल्या बहिणी दारात ओवाळतात. त्या ओवाळण्यात परत येणाऱ्याला घरात घेण्याचा मोठा अर्थ आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत कायम पलटणी आल्या, दीर्घ मुदतीची नोकरी आली, आणि तिच्याबरोबर पेन्शन हा शब्दही मराठीत येऊन रुळला. साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे, कोकणात गावेच्या गावे या पेशात मुरली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावात जो निवृत्त होऊन येतो त्याच्या आधी आलेले दहा जण पारावर बसलेले असतात. कोणता कागद कोठे द्यावा, कोणत्या गोष्टीला किती वेळ लागतो, घरात कोठे बोलावे व कोठे गप्प राहावे, हे त्याला ते शिकवितात.

आपल्या भागाचा इतिहास निराळा आहे. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. हैदराबाद कंटिंजंट या नावाच्या फौजेची एक छावणी जुन्या परभणी जिल्ह्यातच, हिंगोलीस होती. (हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.) याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या पलटणींत उत्तरेकडील शिपायांचा भरणा मोठा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंगोलीची छावणी उठली. कंटिंजंटच्या पायदळ पलटणींपासून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. छावणी आपल्या दाराशी, आणि वारसा हिमालयाच्या पायथ्याशी, असा हा योग. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि त्यानंतरच आपल्या मुलांना भारतीय सेनेची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. म्हणून आपल्याकडे लष्करी परंपरा आहे ती घराघरांची, गावांची क्वचितच. पाथरी, सोनपेठ, पालम या बाजूस एखाद्या लहान गावात एकच माजी सैनिक असतो. त्याला पारावर बसलेले ते दहा जण भेटत नाहीत. त्यांची उणीव कोणी भरून काढावयाची, हा आजचा खरा प्रश्न आहे. आणि ती या मंडळासारख्या संस्थेने काढावी, एवढ्यासाठी आम्ही उभे आहोत.

बंधूंनो, माजी सैनिकांचा दिवस आपल्या देशात १४ जानेवारीस पाळतात. भारतीय सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी सेवानिवृत्त झाले, म्हणून हा दिवस निवडला. पुढे ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उच्चायुक्त म्हणून गेले, आणि १९६४ मध्ये त्यांनी माजी सैनिकांची अखिल भारतीय संघटना स्थापिली. तारखेचा योग आपल्या दृष्टीने बोलका आहे. १४ जानेवारी म्हणजे बहुधा आपली मकरसंक्रांत. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो, मावळत नाही. तीळगूळ देताना आपण गोड बोलण्याची विनवणी करतो, ती याच संधिकालात. सैनिकाच्या घरीही अशा संक्रमणकाळी गोड बोलण्याची फार गरज असते.

आता घरापासून आरंभ करू. सैनिक सीमेवर असताना सतरा-अठरा वर्षे घर कोणी चालविले? त्याच्या पत्नीने. पेरणीला बी कोणते घ्यावे, सोसायटीचे कर्ज कधी फेडावे, सासूचे औषध कोठून आणावे, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हे सारे निर्णय तिने घेतले. कधी फोनवर विचारून, पुष्कळदा न विचारता. आता घरी एक मनुष्य आला आहे, ज्याला पहाटे साडेचारला उठण्याची, वस्तू जागच्या जागी असण्याची आणि सांगितलेले तत्काळ होण्याची सवय आहे. मुलाने चपला दारात आडव्या टाकल्या तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. एका घरात दोन सुभेदार झाले म्हणजे जे व्हावयाचे ते होते.

सत्कारमूर्ती बांधवांना आमची नम्र सूचना आहे. पहिले एक वर्ष घराचा कारभार आहे त्याच हाती राहू द्यावा. नवीन ठाण्यावर बदली झाली म्हणजे आपण आधीच्या तुकडीकडून ठाणे समजून घेत होता. वाट कोठे निसरडी, पाणी कोठे, कोणता बांध खचलेला, हे विचारीत होता. घर हेही तसेच ठाणे आहे आणि त्याची माहिती आपल्या पत्नीला आहे. आपण गेलात तेव्हा शेतात ज्वारी व कपाशी होती, आता सोयाबीन आहे. बैलांची जोडी होती, आता भाड्याचा ट्रॅक्टर आहे. शेजारचा दहा वर्षांचा पोर आता ग्रामपंचायतीत बसतो. हे सारे समजून घेण्यास वेळ लागतो, त्यात कमीपणा नाही. आणि भगिनींना आमची विनवणी अशी, की ज्याने आजवर हुकूम घेतले व दिले त्याला घरात काही निश्चित काम द्यावे. रिकामा बसलेला शिपाई दुसऱ्याच्या कामातील चुका काढतो. मुलांचा अभ्यास, विहिरीवरची मोटार, वडिलांना दवाखान्यात नेणे, काहीही असो. पण ते त्याचे असावे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती आम्ही स्पष्ट शब्दांत बोलणार आहोत, कारण तिच्यामुळे घरे मोडलेली सर्वांनी पाहिली आहेत. निवृत्त होताना सैनिकाच्या हाती एक मोठी रक्कम येते. गावात ही वार्ता त्याच्याआधी पोहोचते. त्या रकमेत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, त्याच्या पगारातून दरमहा कापलेला भविष्यनिर्वाह निधी; ही त्याचीच बचत. दुसरी, ग्रॅच्युइटी, हे सेवेचे उपदान. तिसरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. सैनिकाला आपल्या निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून त्याचे एकरकमी पैसे घेता येतात. यास अंशराशीकरण म्हणतात. समजा, एखाद्याचे मूळ निवृत्तिवेतन दरमहा २०,००० रुपये बसले आणि त्याने निम्मे विकले, तर पुढील पंधरा वर्षे, म्हणजे १८० महिने, त्याच्या मूळ वेतनातून दरमहा १०,००० रुपये कमी होणार. पंधरा वर्षांनंतर ते पूर्ववत होते. तेव्हा ती मोठी रक्कम म्हणजे घबाड नव्हे; स्वतःच्याच पुढच्या पंधरा वर्षांची भाकरी त्याने आगाऊ घेतलेली असते.

आता त्या रकमेवर कोणाकोणाची दृष्टी असते ते पाहा. धाकट्या भावाला दुकान काढावयाचे असते. मेव्हण्याला प्लॉट दाखवावयाचा असतो. बहिणीच्या मुलीचे लग्न असते. कोणी दाम-दुपटीची योजना घेऊन येतो. कँटीनच्या बाटलीसाठी जुळलेली मैत्री हळूहळू हातउसन्यापर्यंत येते. सैनिकाचा स्वभाव असा, की जो सोबती म्हणून खांद्याला खांदा लावतो त्याच्यावर तो विश्वास टाकतो. पलटणीत त्या विश्वासावरच त्याचा जीव तगला होता. गावातील व्यवहाराला तो नियम लागू पडत नाही. तो नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणाला तर फौजेत जाऊन शेफारला असे ऐकून घेतो. म्हणून आम्ही सुचवितो की निवृत्तीनंतर एक वर्ष त्या रकमेला हात लावू नये. ती पती-पत्नी दोघांच्या नावे बँकेत वा टपालखात्यात ठेवावी. आणि कोणी मागावयास आल्यास आमच्या मंडळाचे नाव खुशाल पुढे करावे. मंडळाने मनाई केली आहे असे सांगावे. तेवढी वाईट नावे घेण्यास मंडळ समर्थ आहे.

या संबंधात एक थोर उदाहरण सांगण्यासारखे आहे. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. १८९१ मध्ये महूस जन्मलेला त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निवृत्तीनंतर सुभेदार दापोलीस आले, पुढे साताऱ्यास नोकरी केली आणि मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस बिऱ्हाड केले. मुलाला पुस्तक हवे असे आणि हाती पैसा नसे, तेव्हा ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत. आणि पेन्शन आली की दागिना सोडवून तिचा तिला परत करीत, असे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. पेन्शनचा दिवस त्या घरात पुस्तकाचा दिवस होता. त्या निवृत्त सुभेदाराची गुंतवणूक साऱ्या देशाच्या कामी आली. पेन्शन किती आहे यापेक्षा ती कोठे जाते हे घराचे भवितव्य ठरविते, याला याहून मोठे प्रमाण आम्हांस ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. सैनिक नोकरीत असताना त्याच्या वाट्याची जमीन बहुधा भाऊ कसतात. ते योग्यच आहे, कारण जमीन पडीक ठेवणे हा दोष आहे. परंतु अठरा वर्षे कसलेली जमीन भावाला आपलीच वाटू लागते, आणि परत आलेल्या भावाने वाटा मागितला की तो पाहुणा घर बळकावतो आहे असे भासते. एक म्हणतो, मी रक्त आटविले. दुसरा म्हणतो, मी पैसे पाठविले. दोघेही खरे बोलतात, म्हणूनच हे भांडण मिटत नाही. यावर उपाय भांडणाआधीच करावा लागतो. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी, रजेवर असताना, वडीलधाऱ्यांसमक्ष वाटणी करून फेरफार नोंदवावा आणि सातबाऱ्यावर नाव चढवावे. ज्या भावाने इतकी वर्षे आईबाप सांभाळले त्याला दोन पांड जमीन अधिक द्यावी लागली तर द्यावी. आणि जमीन हाती आली म्हणजे परभणीस कृषी विद्यापीठ आहे हे विसरू नये. १९७२ पासून ते आपल्या उशाशी आहे. ‘परभणी मोती’ सारखे ज्वारीचे वाण त्याने दिले. माजी सैनिकाने तेथे विद्यार्थी म्हणून जावे. शिस्तीने शिकण्याची सवय त्याला आहेच, आणि शेतीला शिस्तीचाच तुटवडा आहे.

चौथी गोष्ट कागदाची. आपल्याकडे विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याची चाल आहे. माहेरची सुनीता सासरी लक्ष्मी होते. पलटणीच्या दप्तरात एक नाव, आधारपत्रिकेवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. मुलाची जन्मतारीख शाळेत एक व पलटणीत दुसरी. पती हयात आहे तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गेला म्हणजे दुःखात बुडालेल्या त्या बाईला, मीच ती बाई, हे शाबीत करण्यासाठी महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात; आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतन अडून राहते. म्हणून नोकरीत असतानाच ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून पत्नीचे व मुलांचे नाव, तारीख, अक्षरशः जुळते आहे याची खात्री करावी. डिस्चार्ज बुक व पेन्शनचा आदेश यांच्या प्रती पत्नीला दाखवून, समजावून, एका जागी ठेवाव्या. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. सत्कारमूर्तींच्या सहधर्मचारिणींनी आज घरी गेल्यावर हे काम प्रथम करवून घ्यावे. शालीची घडी मागाहून मोडली तरी चालेल.

आता हक्काविषयी. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा समज कित्येक वृद्ध सैनिकांचा असतो व खिडकीपाशी ते त्याच नम्रतेने उभे राहतात. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे की निवृत्तिवेतन ही बक्षिसी नाही. केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन या तत्त्वासाठी माजी सैनिकांनी दीर्घकाळ लढा दिला आणि ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने, १ जुलै २०१४ पासूनच्या प्रभावाने, ते अमलात आले. औषधोपचारासाठी २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. राज्याच्या नोकरभरतीत त्यांच्यासाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. २००२ मध्ये स्थापन झालेले राज्याचे माजी सैनिक महामंडळ आहे. आणि परभणीस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे नाव नोंदविणे हे घरी आल्यानंतरचे पहिले काम समजावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी, १९४९ पासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे, आपण छातीवर जो लहानसा ध्वज लावतो, त्याचा निधी याच कामी येतो. तो लावताना मुलांना हे समजावून सांगावे.

पण हक्काने उदरनिर्वाह होतो. माणूस उभा राहतो तो कामाने. पस्तीस-चाळिशीतील धडधाकट मनुष्य केवळ पेन्शनवर बसला तर मनाने म्हातारा होतो. कोणी डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा रुजू होतात, कोणी रेल्वेत वा बँकेत लागतात, कोणी कारखान्याच्या फाटकावर पहारा करतात. या शेवटच्यांना आपल्यातीलच काही जण हिणवितात, हे ऐकून वाईट वाटते. काल सीमेचे फाटक राखणारा आज कारखान्याचे राखतो, यात हलके ते काय? हलकी आहे ती हिणविणाऱ्याची नजर.

महाराष्ट्राने निवृत्त सैनिकांची किती रूपे पाहिली आहेत! गोपाळबुवा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे ठाकले. आपल्या बांधवांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. त्यांनी पोहण्याचा आश्रय घेतला, पुण्यास टेल्कोत नोकरी केली, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. अण्णा हजारे १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर बालंबाल बचावले, १९७५ मध्ये सेना सोडून राळेगणसिद्धीस आले आणि पाणी अडविण्याच्या व दारूबंदीच्या कामाला लागले. आरंभी त्यांनी स्वतःच्या निधीतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ते अविवाहित होते; प्रपंची माणसाने त्यांच्याप्रमाणे सारी रक्कम खर्चावी असे आम्ही म्हणत नाही. त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे. गावात आल्यावर त्यांनी असे एक काम धरले, की जे सर्वांचे होते आणि कोणीच करीत नव्हते. असे काम प्रत्येक गावात असते.

एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे आम्ही आवश्यक समजतो. काही सैनिक घरी आल्यावर फार गप्प असतात. रात्री दचकून उठतात, फटाक्याच्या आवाजाने अस्वस्थ होतात, एखाद्या सोबत्याचे नाव निघाले की उठून बाहेर जातात. याला भित्रेपणा किंवा बाहेरची बाधा समजू नये आणि त्यावर अंगारे-धुपारे करीत बसू नये. डोळ्यांनी जे पाहिले ते मनातून उतरावयास वेळ लागतो, आणि डॉक्टरकडे त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी खोदून विचारू नये. सांगू लागल्यास मध्येच उठू नये. बाटलीत त्याचा उतारा शोधू देऊ नये.

आणखी एक नवी अवस्था आपल्यासमोर आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीनुसार भरती होणारा अग्निवीर चार वर्षे सेवा करतो. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत मुलांना सेनेत पुढे ठेवून घेण्याची तरतूद आहे. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परत येतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२२ च्या अखेरीपासून दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. योजनेच्या गुणदोषांची चर्चा हे आजचे व्यासपीठ नव्हे. पण बावीस-तेविसाव्या वर्षी परत येणाऱ्या मुलाला, सेनेने ठेवून घेतले नाही, म्हणून कोणी नापास समजू नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. त्याने चार वर्षे देशाला दिली. त्याला पुढील शिक्षण, धंदा, पोलीस भरती यांची वाट दाखविणे हे काम माजी सैनिकांइतके चांगले दुसरा कोणी करणार नाही.

म्हणून मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली, जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतील आपल्या सेवेतील व निवृत्त सैनिकांची यादी करून ती दरवर्षी सुधारावी. दुसरी, प्रत्येक तालुक्यास एका अनुभवी माजी सैनिकाला नव्याने येणाऱ्यांचा सोबती नेमावे. त्याने निवृत्तीच्या सहा महिने आधी घरी जाऊन कागदपत्रे पाहावी आणि पुढे वर्षभर महिन्यातून एकदा भेटावे. पारावरचे ते दहा जण आपल्याकडे नाहीत, तर निदान एक असावा. तिसरी, भावकीतील जमिनीचे वाद कोर्टात जाण्यापूर्वी मिटविण्यासाठी वडीलधाऱ्यांची पंचसमिती असावी. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: वीरपत्नींना व सैनिकांच्या विधवांना मंडळाच्या प्रत्येक कार्यात मानाने बोलवावे. हळदीकुंकवाच्या वेळी ज्यांना आपण मागे बसवितो, त्यांच्या पतींच्या जिवावर आपले सण निर्धास्त पार पडतात. पुढील संक्रांतीस मंडळाच्या हळदीकुंकवाचा पहिला मान त्यांना दिला जावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

सत्कारमूर्ती बांधवहो, गणवेष उतरला तरी आपला क्रमांक व आपला हुद्दा आपल्यापाशीच आहे. त्याचा अभिमान बाळगा आणि त्याचे ओझे घरच्यांवर पडू देऊ नका. आणि ज्ञातिबंधुभगिनींनो, आज आपण त्यांना ओवाळले. ओवाळणे एका दिवसाचे आहे. त्यांना घरात, शेतात, पारावर आणि पंगतीत जागा करून देणे हे वर्षाचे काम आहे. ते वर्ष आजपासून सुरू झाले असे समजून आपण सारे कामाला लागू या. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!